एजंटसाठी टूलचं डॉक्युमेंटेशन: तो जिथे अंदाज बांधतो तिथे लिहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ऑर्डर सांभाळणारी तुमची एक अंतर्गत सिस्टीम आहे, तिचे 40 एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने तिच्याकडून काम करून घ्यायचे मार्ग) तुम्ही एमसीपी (एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायचा ठरलेला प्रोटोकॉल) सर्व्हर बनवून एजंटला, म्हणजे स्वतः टूल्स वापरून काम करणाऱ्या एआयला, जोडले, डिस्क्रिप्शन स्वॅगरमधून (डेव्हलपरसाठी एपीआयची माहिती असते तिथून) उचलून तशीच टाकली, आणि आता एजंट भलतंच टूल निवडतो, तारखा उलटसुलट भरतो, एरर आला की तोच कॉल पुन्हा पुन्हा मारत बसतो. डॉक्युमेंटेशन अजून वाढवू की मॉडेल बदलू, असं तुम्ही विचारलंय.

मॉडेल लगेच बदलू नका. ताकदवान मॉडेलने थोडा फरक पडेल, नाही असं नाही, पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी मी माझ्या कामात इतक्या वेळा बघितल्यात की मूळ कुठे असणार याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. तुमचं डॉक्युमेंटेशन कमी पडतंय असं नाही, ते वेगळ्याच वाचकासाठी लिहिलंय. "आयडीवरून ऑर्डर आणते" ही स्वॅगरमधली ओळ ज्याला सिस्टीम आधीच माहीत आहे अशा डेव्हलपरसाठी होती, तो अडला की कोड उघडून बघतो, जुन्या कोडमध्ये हाच कॉल कुणी कसा केलाय ते शोधतो, नाहीतर सरळ शेजारी बसलेल्याला विचारतो. एजंट अडला की बहुतेक वेळा अडल्याचं कळूच देत नाही, तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो, आणि तो अंदाज दिसायला इतका नीटनेटका असतो की चूक झाली हे तुम्हाला दोन पायऱ्या पुढे गेल्यावर कळतं. म्हणून मी लिहायला बसलो की स्वतःला एकच प्रश्न विचारतो, इथे त्याला अंदाज बांधावा लागेल का? लागणार असेल तर तिथे लिहायचं, नसेल तर तिथे एक शब्दही वाढवायचा नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. एजंट फक्त वाचतोय की ऑर्डर रद्दही करू शकतो, एका वेळी त्याच्यासमोर 8 टूल्स आहेत की 80, आणि तो तुमच्याच टीमचा आहे की बाहेरचं कुणीही आपला एजंट जोडू शकतं, यावर किती खोलात जायचं ते ठरतं. मी तुमच्यासारखं एमसीपीवालं प्रकरण धरून लिहितोय, कमांड लाइनबद्दल शेवटाकडे थोडं सांगेन.

आधी मॉडेलला नेमकं काय दिसतं ते डोळ्यासमोर आणा. एमसीपी नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, त्याआधी 2023 पासून फंक्शन कॉलिंग होतंच, पण दोन्हीकडे मूळ गोष्ट तीच आहे: टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा (टूलला कुठली माहिती कोणत्या प्रकारात द्यायची याचा आराखडा), हे सगळं साधा मजकूर म्हणून मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे उत्तर देताना ते जे वाचतं त्यात, जातं. बस एवढंच. तुमचा कोड, तुमचं विकी, डेटाबेसमधल्या कॉलमच्या कॉमेंट्स, यातलं काहीही त्याला दिसत नाही. आणि ते एका वेळी एका टूलचं पान उघडून वाचत नाही, सगळ्या 40 टूल्सची डिस्क्रिप्शन एकत्र समोर ठेवून त्यातून निवड करतं. म्हणजे एखादं डिस्क्रिप्शन एकटं वाचलं तर छान वाटतं आणि बाकीच्या 39 शेजारी ठेवलं की गोंधळ घालतं, असं सर्रास होतं.

भलतं टूल निवडण्याचं कारण बहुतेक इथेच असतं. तुमच्या यादीत गेट_ऑर्डर, ऑर्डर_डिटेल्स आणि सर्च_ऑर्डर्स अशी तीन नावं आहेत असं तुम्ही लिहिलंय. यातलं कुठलं कधी वापरायचं हे तुमच्या टीमला सवयीने माहीत आहे, कागदावर कुठेच नाही. मी इथे आधी डिस्क्रिप्शन लिहीत नाही, आधी विचारतो की ही तीन वेगळी का आहेत. उत्तर "एक जुनं आहे, एक मोबाइल ॲपसाठी बनवलं होतं" असं असेल तर एजंटला ती तीन देऊच नका, एकच द्या. एपीआय 40 आहेत म्हणून टूल्स 40 असायला पाहिजेत असा काही नियम नाही. माणूस एखादं काम "ग्राहकाची शेवटची ऑर्डर शोधून तिची स्थिती सांग" असं एका वाक्यात सांगतो आणि ते करायला चार एपीआय लागत असतील, तर ते चार आत गुंडाळून बाहेर एक टूल दिलेलं बरं पडतं. माझा अनुभव असा की एखाद्या टूलचं डिस्क्रिप्शन तीन वेळा लिहूनही स्पष्ट होत नसेल तर दोष लिखाणात नसतो, टूलच दोन कामं एकत्र करत असतं.

जी टूल्स खरोखर वेगळी आहेत तिथे फरक दोन्ही बाजूंनी लिहा. नुसतं काय करतं ते नको, कधी वापरू नये आणि मग त्याऐवजी काय वापरावं तेही पाहिजे. तुमच्या सर्च_ऑर्डर्ससाठी मी साधारण असं लिहीन: "ग्राहकाचं नाव, फोन किंवा तारखेवरून ऑर्डर शोधते. ऑर्डर आयडी माहीत नसेल तेव्हाच वापरा, माहीत असेल तर गेट_ऑर्डर वापरा. फक्त मागच्या 12 महिन्यांतल्या ऑर्डर इथे मिळतात, त्याआधीच्या सर्च_आर्काइव्हमध्ये आहेत. ऑर्डरमधल्या वस्तूंची यादी यात येत नाही." चार-पाच छोटी वाक्यं आहेत, पण प्रत्येक वाक्य एकेक अंदाज बंद करतं. ते 12 महिन्यांचं वाक्य नसेल तर एजंट जुनी ऑर्डर शोधेल, रिकामी यादी येईल आणि तो ग्राहकाला पूर्ण आत्मविश्वासाने सांगेल की अशी ऑर्डर कधी झालीच नव्हती.

आता तारखा. यावर थोडं जास्त बोलतो कारण पॅरामीटर्समध्ये सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या सगळ्यात सहज टाळता येतात. तुमच्या स्कीमात पॅरामीटरचं नाव "डेट", प्रकार स्ट्रिंग आणि डिस्क्रिप्शन "तारीख" एवढंच असेल, तर 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च हे मॉडेलने कुठून ओळखायचं? नेमका फॉरमॅट लिहा, 2025-04-03 असा नमुना द्या, वेळ असेल तर टाइमझोनचा ऑफसेट लागतो की नाही ते लिहा, आणि दोन तारखांची रेंज असेल तर शेवटची तारीख धरून की सोडून हेही लिहा. स्कीमात फॉरमॅट म्हणून डेट-टाइम लिहिलं म्हणजे तपासणी आपोआप होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण जेसन स्कीमाच्या 2020-12 आवृत्तीत फॉरमॅट ही मुळात नुसती माहिती आहे, व्हॅलिडेटर ती सक्तीने तपासेलच असं नाही, म्हणून सर्व्हरवर तपासणी तुम्हीच ठेवा. टाइमस्टॅम्प आकड्यात घेत असाल तर सेकंद की मिलिसेकंद हे पॅरामीटरच्या नावातच येऊ द्या. पैशांचंही तेच, रक्कम सगळ्यात लहान एककात घेत असाल तर 500 म्हणजे 5.00 असं उदाहरणासकट लिहा, कारण इथे अंदाज चुकला तर शंभरपट चुकतो.

आयडीच्या बाबतीत एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात, ती म्हणजे हा आयडी आणायचा कुठून. "कस्टमर आयडी, आवश्यक" एवढं लिहिलं आणि युजरने फक्त नाव सांगितलं की मॉडेल कधी नावच आयडीच्या जागी टाकतं, कधी दिसायला खरा वाटेल असा आयडी स्वतःच बनवतं. "हा आयडी फाइंड_कस्टमरच्या उत्तरातून घ्या, स्वतः बनवू नका, युजरने दिलेला इनव्हॉइस नंबर हा कस्टमर आयडी नाही" असं लिहिलं की ती चूक खूप कमी होते. जिथे ठरावीकच पर्याय चालतात तिथे एनम (चालणाऱ्या पर्यायांची यादी) वापरा आणि प्रत्येक पर्यायाचा अर्थ लिहा. मी एका टीमसोबत काम करत होतो, तिथे स्टेटसमध्ये "क्लोज्ड" होतं आणि त्याचा अर्थ डिलिव्हर झालेली आणि रद्द झालेली दोन्ही असा होता, हे 10 वर्षं सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं. एजंटने रद्द झालेल्या ऑर्डर यशस्वी धरून अहवाल बनवला. आम्हाला तो अहवाल बघून चूक पटकन कळली कारण आकडा फारच मोठा होता, थोडा कमी असता तर कुणाच्याच लक्षात आलं नसतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

त्याच कामातली दुसरी गोष्ट सांगतो, ती उत्तराच्या डॉक्युमेंटेशनबद्दल आहे, कारण लोक टूलला काय द्यायचं ते लिहितात पण टूल काय परत देतं ते लिहितच नाहीत. तक्रारी शोधणाऱ्या टूलला एका वेळी किती नोंदी द्यायच्या याचं लिमिट डिफॉल्ट, म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर, 20 होतं. एजंटला विचारलं या महिन्यात किती तक्रारी आल्या, तो म्हणाला 20. पुढच्या महिन्यात विचारलं, 20. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं, त्याच्यासमोर 20 नोंदी आल्या आणि त्याने त्या मोजल्या. डिस्क्रिप्शनमध्ये डिफॉल्ट 20 असं लिहिलेलं होतं बरं का, पण निवड करताना वाचलेलं ते वाक्य मोजणीच्या वेळी त्याने लक्षात घेतलं नाही. मग आम्ही ती सूचना उत्तरातच टाकली: "एकूण 312 नोंदींपैकी पहिल्या 20 दाखवल्या आहेत, पुढच्यांसाठी हा कर्सर वापरा, फक्त संख्या हवी असेल तर काउंट_कंप्लेंट्स वापरा." त्यानंतर तो प्रकार थांबला. तेव्हापासून मी टूलचं उत्तर हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग धरतो, आणि बऱ्याचदा तो जास्त उपयोगी भाग असतो कारण तो नेमक्या गरजेच्या वेळी समोर येतो. रिकाम्या यादीचंही असंच, नोंद खरंच नाही की तुम्हाला बघायची परवानगी नाही की फिल्टरमुळे गळाली, हे वेगवेगळं सांगा.

हेच एररला लागू होतं आणि तुमची तिसरी तक्रार तिथेच सुटेल. तुमचा सर्व्हर "इनव्हॅलिड रिक्वेस्ट" एवढंच म्हणत असेल तर एजंटने करायचं तरी काय? त्याच्याकडे नवीन माहिती काहीच आली नाही, म्हणून तो तोच कॉल पुन्हा करतो किंवा काहीतरी उगाच बदलून बघतो. चांगल्या एररमध्ये तीन गोष्टी असतात: काय चुकलं, काय अपेक्षित होतं, आणि आता पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का. "फ्रॉम_डेट मध्ये 03/04/2025 आलं, 2025-04-03 असा फॉरमॅट हवा, दुरुस्त करून पुन्हा पाठवा" हे वाचून कुठलंही बरं मॉडेल पुढच्याच कॉलला सुधारतं. उलट "ही ऑर्डर आधीच पाठवली गेली आहे, रद्द होणार नाही, पुन्हा प्रयत्न करू नका, रिटर्नसाठी क्रिएट_रिटर्न वापरा" असं लिहिलं की तो फिरत राहत नाही. रेट लिमिटचा 429 (थोड्या वेळात फार कॉल झाल्याचा एरर) येत असेल तर किती सेकंद थांबायचं ते मजकुरातच येऊ द्या, उत्तराच्या हेडरमध्ये दिलेलं एजंटपर्यंत पोचेलच असं नाही. आणि एमसीपीमध्ये एक तांत्रिक गोष्ट नक्की तपासा: टूल चालवताना आलेला एरर हा टूलच्या उत्तरातच, इज-एररचा झेंडा लावून परत द्यायचा असतो म्हणजे तो मॉडेलला वाचता येतो. तो प्रोटोकॉलचा एरर म्हणून फेकला तर काही क्लायंट तो मॉडेलपर्यंत नेतच नाहीत, आणि मग तुम्ही कितीही सुंदर मजकूर लिहा, वाचणार कोण.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर निवड करताना वाचायचा मजकूर डिस्क्रिप्शनमध्ये, भरताना वाचायचा पॅरामीटरमध्ये, आणि नंतर लागणारा उत्तरात किंवा एररमध्ये, अशी वाटणी होते. बहुतेक जण सगळं पहिल्या जागी कोंबतात.

बदल घडवणाऱ्या टूल्सबद्दल मात्र मी जास्त कडक आहे. रद्द करणं, रिफंड देणं, ईमेल पाठवणं, अशा टूलमध्ये परिणाम काय होतो आणि तो मागे घेता येतो का हे पहिल्या वाक्यात लिहा. एमसीपीत यासाठी ॲनोटेशन्स आहेत, टूल फक्त वाचतं का, नुकसान करू शकतं का, दोनदा चालवलं तरी चालेल का, ती जरूर भरा, रिकामी सोडली तर टूल बदल करणारं आणि नुकसान करू शकणारं आहे असंच धरलं जातं. पण त्या नुसत्या सूचना आहेत, कुलूप नाही. डिस्क्रिप्शनमध्ये "युजरला विचारल्याशिवाय वापरू नका" लिहिलं म्हणून तुमची सिस्टीम सुरक्षित झाली असं कृपा करून समजू नका. परवानग्या सर्व्हरवर ठेवा, मोठ्या रकमेला माणसाची मंजुरी कोडमध्ये ठेवा, शक्य असेल तर आधी फक्त काय होईल ते दाखवणारा ड्राय रन द्या. आणि टाइमआउटचा विचार करा: एजंटने ऑर्डर बनवायला सांगितली, सर्व्हरने बनवली पण उत्तर पोचायच्या आत कनेक्शन तुटलं, तर तो पुन्हा बनवणार. तिथे आयडेम्पोटन्सी की (प्रत्येक मागणीसोबत येणारी तिची वेगळी खूण) घ्या म्हणजे त्याच कीने दुसऱ्यांदा कॉल आला तर नवी ऑर्डर न बनता जुनीच परत मिळेल, आणि पुन्हा प्रयत्न करताना तीच की वापरायची हे लिहून ठेवा.

किती लिहायचं असंही तुम्ही विचारलंय. याला एक आकडा नाही. साध्या टूलला दोन ओळी पुरतात, गुंतागुंतीच्या टूलला दहा ओळीही कमी पडतात. पण प्रत्येक शब्द प्रत्येक संभाषणात कॉन्टेक्स्ट खातो हे विसरू नका, आणि जागेपेक्षा मोठा तोटा हा की महत्त्वाचं वाक्य फालतू वाक्यांत बुडतं. "हे शक्तिशाली टूल तुम्हाला ऑर्डर सहज व्यवस्थापित करू देतं" असली वाक्यं सरळ उडवा. "नेहमी", "कधीही नाही", "अत्यंत महत्त्वाचं" असं ओरडून लिहायची सवय असेल तर तीही कमी करा, दहा टूल्समध्ये दहा वेळा ओरडलं की कशालाच वजन राहत नाही. त्यापेक्षा कारण लिहा. "आधी स्टॉक तपासा, कारण स्टॉक नसताना ऑर्डर स्वीकारली जाते पण रात्री आपोआप रद्द होते" असं लिहिलं की मॉडेल तो नियम तुम्ही न सांगितलेल्या प्रसंगातही बरोबर लावतं, नुसत्या हुकुमाने तेवढं साधत नाही. उदाहरणं द्या पण जपून. माझ्या बघण्यात आलंय की उदाहरणातला कस्टमर आयडी एजंटने जशाच्या तसा खऱ्या कॉलमध्ये वापरला, युजरने आयडी दिला नव्हता म्हणून. तेव्हापासून उदाहरणात मी सिस्टीममध्ये अस्तित्वातच नसलेला आयडी टाकतो आणि सर्व्हर तो आला की स्पष्ट एरर देतो.

कमांड लाइनची टूल्स एजंटला देणार असाल तर बाकी सगळं तेच, फक्त तीन गोष्टी वेगळ्या बघा. मध्येच हो की नाही विचारणारी कमांड एजंटला तिथेच अडकवून ठेवते, म्हणून न विचारता चालणारा पर्याय ठेवा आणि तो हेल्पमध्ये वरच लिहा. आउटपुट जेसनमध्ये मिळायची सोय ठेवा, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये) स्टेटसचा पोर्सेलिन पर्याय, तो जेसन देत नसला तरी, अशाच कारणासाठी आहे, माणसासाठीचं दिसणं बदललं तरी स्क्रिप्टसाठीचं बदलू नये म्हणून. आणि काम फसलं तर एक्झिट कोड शून्य देऊ नका, शून्य म्हणजे काम झालं असं धरलं जातं.

हे सगळं लिहून झालं की बरोबर झालं की नाही कसं कळणार, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तुम्हीही तिथेच घालवावा असं मला मनापासून वाटतं. तुमच्या युजर्सनी खरोखर विचारलेली 25-30 कामं गोळा करा, सोपी आणि अडचणीची मिसळून, एजंटला ती करायला लावा आणि पूर्ण लॉग वाचा. नुसतं शेवटचं उत्तर बरोबर आलं का ते नाही, प्रत्येक कॉल. कुठलं टूल निवडलं, काय भरलं, काय परत आलं आणि त्याने त्याचा अर्थ काय काढला. बरोबर उत्तर चुकीच्या रस्त्याने आलेलं तुम्हाला बऱ्याचदा दिसेल, ते उद्या फसणारच. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. आणि त्यातली 8-10 कामं बाजूला ठेवा, डिस्क्रिप्शन सुधारताना ती बघू नका, शेवटी फक्त तपासायला वापरा, कारण त्याच त्याच कामांवर घासत बसलं की डिस्क्रिप्शन तेवढ्या कामांपुरतंच चांगलं होतं.

लॉग वाचायच्या आधीची एक सोपी युक्ती: मॉडेललाच टूल्सची सगळी यादी द्या, काम द्या, आणि कॉल न करता विचारा की हे करताना तुला कुठे कुठे गृहीत धरावं लागेल. तो जी यादी देतो ती परिपूर्ण नसते, काही भीती उगाचच्या असतात, पण मला दर वेळी त्यात एक-दोन अशा गोष्टी सापडल्यात ज्या इतकी वर्षं माझ्या डोळ्यासमोर असून दिसल्या नव्हत्या.

आणि हे डिस्क्रिप्शन कोडच्या शेजारीच ठेवा, त्याच रिपॉझिटरीत, वर्तन बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (मंजुरीसाठी पाठवलेल्या कोडच्या बदलात) डिस्क्रिप्शनही बदललंय का हे रिव्ह्यूमध्ये बघा. जुनं पडलेलं डिस्क्रिप्शन नसलेल्यापेक्षा वाईट, माणूस जुन्या पानावर थोडा तरी संशय घेतो, एजंट सहसा घेत नाही.

तुमच्या जागी मी उद्या काय करेन ते सांगतो. लॉग बघून सगळ्यात जास्त वापरली जाणारी 5 टूल्स निवडेन, बाकीची 35 सध्या बंद करेन, त्या तीन ऑर्डर आणणाऱ्या टूल्सची दोन करेन, आणि सगळ्यात आधी एररचे मजकूर बदलेन कारण ते काम एका दिवसाचं आहे आणि एजंटचं गोल गोल फिरणं तेवढ्यानेच बरंच कमी होतं. रद्द करणारं टूल मंजुरीची अट सर्व्हरवर लागेपर्यंत बंदच ठेवा. एवढं करून परत तीच कामं चालवा, आणि तरीही ज्या कामात चुकतोय त्याचा एक पूर्ण लॉग, ग्राहकांची माहिती काढून टाकून, इथे टाका, मी बघतो.